औषधाचे नाव घ्या, पण पूर्ण घ्या!

(गणेशोत्सवातील सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



कार्यकारिणीने मला "काहीतरी उपयोगाचे बोला" अशी आज्ञा केली. मी डॉक्टर नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलेला, सिग्नल खात्यातला इंजिनिअर आहे. तरीही विषय निवडला आहे तो वैद्यकीय शब्दांच्या उच्चाराचा. औषध कोणते घ्यावे हे मी सांगणार नाही, तो अधिकार डॉक्टरांचा. डॉक्टरांनी दिलेला लांबलचक शब्द कसा फोडावा, तोंडातून नीट कसा काढावा आणि दुसऱ्याच्या कानापर्यंत शाबूत कसा पोचवावा, एवढेच सांगणार आहे. निरोप शाबूत पोचवणे हे तर आमच्या खात्याचेच काम आहे.

शब्द फोडून बघण्याची सवय आपल्याला नवी नाही. रोज सकाळी आपण अथर्वशीर्ष म्हणतो. त्यात 'गं' या एवढ्याशा अक्षराची फोड केलेली आहे. आधी ग, मग अ, मग अनुस्वार. एका अक्षराचे इतके तुकडे करून शिकवणारी आपली परंपरा, आणि आपण मात्र डिस्चार्ज कार्डावरचा शब्द पाहिला की "काहीतरी मोठे नाव आहे बुवा" म्हणून कार्ड घडी करून पाकिटात ठेवतो!

आता आपल्या अंबत्तूरचेच उदाहरण घ्या. स्टेशनवरच्या तमिळ पाटीवर आपल्या गावाचे नाव कसे लिहिले आहे? तमिळ अक्षरे नुकती शिकलेला मराठी माणूस ते एकेक अक्षर लावून 'अम्पत्तूर' असे वाचेल, कारण पाटीवर अक्षर 'प'च आहे. तमिळ लिपीत प, फ, ब, भ यांना मिळून एकच अक्षर. ते अनुनासिकानंतर आले की 'ब' म्हणायचे, जोडून आले की कडक म्हणायचे. म्हणून म् नंतरचा प झाला 'ब', आणि त्त राहिला 'त्त'. औषधाच्या दुकानावरची पाटी बघा. अक्षरे आहेत म-रु-न्-त-क-म्, वाचायचे 'मरुन्दगम्'. शेजारी कोणता वर्ण आहे हे बघून उच्चार ठरवायचा, हे तमिळ माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. त्यामुळे इंग्रजी औषधाचे नाव त्याच्या तोंडी जरा वेगळे येते. आपण हसायचे कारण नाही. 'तमिळ' या शब्दातला शेवटचा वर्ण आपल्यापैकी किती जणांना त्यांच्यासारखा म्हणता येतो, हे प्रत्येकाने मनाशी तपासावे! मुद्दा एवढाच की एकच नाव इंग्रजीत लिहिलेले, तमिळमध्ये बोललेले आणि मराठीत ऐकलेले असे तीन घाट उतरून आपल्या घरी येते. प्रत्येक घाटात थोडे सांडते.

आणि जे सांडत नाही ते आपण स्वतः गिळतो. "त्यांना बीपी आहे." अहो, बीपी प्रत्येक जिवंत माणसाला असते! वाढले की उतरले, ते सांगा. "हिला थायरॉइड आहे." थायरॉइड ही गळ्यातली ग्रंथी, ती सर्वांनाच आहे. तिचे काम कमी पडते ते हायपोथायरॉइड, जास्त होते ते हायपरथायरॉइड. 'पो' आणि 'पर' एवढाच फरक, आणि उपचार एकमेकांच्या उलट. साखरेचेही तेच. हायपोग्लायसेमिया म्हणजे रक्तातली साखर खाली जाणे, हायपरग्लायसेमिया म्हणजे वर चढणे. घाईत मधले अक्षर गिळले तर ऐकणाऱ्याला काय कळणार?

सर्वांत लाडका शब्द म्हणजे 'अँजिओ'. "काकांची अँजिओ झाली." अँजिओ म्हणजे फक्त रक्तवाहिनी. पुढे ग्राफी असेल तर रक्तवाहिनीचे चित्र काढले, म्हणजे तपासणी झाली. पुढे प्लास्टी असेल तर ती रुंद करून नीट केली, म्हणजे उपचार झाला. शेपूट तोडल्यावर काकांचे चित्र काढले की दुरुस्ती केली, हे कोणी सांगायचे?

हा नुसता शब्दांचा कीस नाही. काही वर्षांपूर्वी माझे मामा मिरजेहून आमच्याकडे आले होते. रात्री अकराच्या सुमारास छातीत दाटल्यासारखे झाले, घाम फुटला. लगेच रुग्णालयात नेले. तातडीच्या विभागातल्या तरुण डॉक्टरांनी विचारले, "पूर्वी हृदयाचे काही झाले आहे का?" मामा धाप लागल्यामुळे एवढेच म्हणाले, "अँजिओ." डॉक्टरांनी विचारले, "ग्राफी का प्लास्टी? स्टेंट आहे का?" प्रश्न रास्त होता. स्टेंट बसवलेल्या माणसाला रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून गोळ्या चालू असतात. त्या कोणत्या, मध्ये बंद केल्या का, स्टेंट कधी बसवला, यावर पुढचा विचार अवलंबून असतो. मामांच्या मुलाला फोन लावला. तोही म्हणाला, "अँजिओ झाली होती, दोन वर्षे झाली." शेवटी मामींना उठवले. त्यांनी कपाटातून फाइल काढली आणि फोनवर वाचू लागल्या.

"अरे, इथं पी टी सी ए असं लिहिलंय."

"मामी, बी का पी? नीट ऐकू येत नाही."

"पी रे, पुण्याचा पी. ठाण्याचा टी. चेन्नईचा सी. अकोल्याचा ए. आणि खाली स्टेंट असं लिहून पुढं तारीख आहे."

मामी सातवीपर्यंत शिकलेल्या. पण बी, सी, डी, ई, जी, पी, टी ही सगळी अक्षरे फोनवर सारखीच वाजतात, हे त्यांनी बरोबर ओळखले आणि प्रत्येक अक्षराला एकेक गाव जोडून दिले. डॉक्टरांना हवे ते मिनिटभरात मिळाले. मामा आज मिरजेत रोज सकाळी फिरायला जातात.

आता ते 'पीटीसीए' उलगडून बघू. परक्युटेनियस ट्रान्सल्युमिनल कोरोनरी अँजिओप्लास्टी. ऐकूनच दम लागतो. पण फोड करा. पर म्हणजे मधून, क्युटिस म्हणजे त्वचा. ट्रान्स म्हणजे पार, ल्युमेन म्हणजे नळीची पोकळी. कोरोना म्हणजे मुकुट, कारण हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या त्याच्याभोवती मुकुटासारख्या असतात. अँजिओ रक्तवाहिनी, प्लास्टी म्हणजे घडवणे. छाती न उघडता, त्वचेतून नळी घालून, वाहिनीच्या पोकळीतून जाऊन हृदयाच्या धमनीची केलेली दुरुस्ती! आपल्याकडचा लांबलचक समास आणि हा शब्द, दोघांची जात एकच. विग्रह केला की अर्थ आपोआप पुढे येतो.

मात्र इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. अर्थाची फोड वेगळी आणि उच्चाराची फोड वेगळी. गणेश हा शब्द अर्थाने गण अधिक ईश, पण म्हणताना आपण ग-णे-श म्हणतो. वैद्यकीय शब्दांचेही तसेच. न्यूमोनियाच्या स्पेलिंगमध्ये सुरुवातीला 'पी' आहे, तो म्हणत नाहीत, कारण इंग्रजी जिभेला शब्दाच्या आरंभी 'प्न' जमत नाही. पण ॲप्निया, म्हणजे झोपेत श्वास थांबण्याचा विकार, यात तोच पी स्पष्ट ऐकू येतो. ग्रीकमधला श्वासाचा मूळ धातू तोच. मग फरक का? कारण इथे त्याला आधीच्या स्वराचा आधार मिळाला आणि अक्षरे पडली ॲप्-नि-या. थुंकीतून रक्त पडण्याला हिमॉप्टिसिस म्हणतात. अर्थाने हिमो अधिक प्टिसिस, म्हणजे रक्त आणि थुंकणे. म्हणताना मात्र हि-मॉप्-टि-सिस. जीभ अडखळली तर अक्षरांची फोड धरा, अर्थ अडला तर शब्दांची फोड धरा.

उच्चाराच्या चार-पाच खुणा ध्यानात ठेवल्या तरी बरेचसे काम होते. या शब्दांत 'सीएच' बहुधा 'क' असतो, 'च' नव्हे. म्हणून कोलेस्टेरॉल, आणि म्हणून पित्ताची पिशवी काढण्याचे ऑपरेशन को-ले-सिस्-टेक्-टो-मी. कोले म्हणजे पित्त, सिस्ट म्हणजे पिशवी, एक्टॉमी म्हणजे कापून काढणे. 'सी' आणि 'जी' यांच्या पुढे ई, आय किंवा वाय आले की ते मऊ होतात. म्हणून स्वरयंत्र बघण्याचे साधन लॅरिंगोस्कोप, पण स्वरयंत्राची सूज लॅरिंजायटिस. शब्दाच्या आरंभी 'पीएस' असेल तर पी मुका, जसे सोरायसिस. आणि नसलेले अक्षर घुसडू नका. पुरुषांची ती ग्रंथी प्रोस्टेट, 'प्रोस्ट्रेट' नव्हे. प्रोस्ट्रेट म्हणजे साष्टांग लोटांगण!

शेपटांकडेही नीट बघा. टॉमी म्हणजे छेद देणे, एक्टॉमी म्हणजे काढून टाकणे, ऑस्टॉमी म्हणजे नवे तोंड करून देणे. कोलेक्टॉमीत मोठे आतडे काढतात, कोलॉस्टॉमीत आतड्याला पोटावर वाट करून देतात. ऐकायला जुळ्या बहिणी, पण पुढच्या डॉक्टरला चुकीचे सांगितले तर केवढा घोटाळा!

जोर कोणत्या अक्षरावर द्यायचा, असाही प्रश्न येतो. शाळेत वृत्ते शिकताना आपण लघु-गुरु पाडत असू, आठवते का? लॅटिन शब्दांचा नियम त्याच घरातला आहे. शेवटून दुसरे अक्षर गुरु असेल तर आघात त्याच्यावर, लघु असेल तर त्याच्या मागच्या अक्षरावर. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरु, हेही जवळपास आपल्यासारखेच. म्हणून ड्यु-ओ-डी-नम मध्ये 'डी'वर जोर, आर्-थ्राय-टिस मध्ये 'थ्राय'वर. कार्डिऑलॉजीत इंग्रज माणूस 'लॉ' जवळजवळ 'ल' असा लघु करतो आणि जोर मागे 'ऑ'वर टाकतो. आपण मराठी माणसे सगळ्या अक्षरांना सारखे वागवतो. माझ्या मते त्यात काही वावगे नाही. इंग्रजांची नक्कल करायची गरज नाही. अक्षर गाळू नये, एवढे पुरे.

अक्षर गाळल्याने काय होते, याचा एक गमतीदार दाखला सांगतो. मायग्रेन हा शब्द मूळ ग्रीक 'हेमिक्रेनिया'. हेमि म्हणजे अर्धे, क्रेनियन म्हणजे कवटी. शेकडो वर्षे तोंडोतोंडी फिरताना पहिले अक्षर गळाले आणि फ्रेंचांकडून 'मायग्रेन' होऊन आले. आता त्यातला 'अर्धा' कोणाला दिसतो? आपल्या आजीचा शब्द काय होता? अर्धशिशी! अर्धे शीर दुखते ती अर्धशिशी. ग्रीकांना सुचले तेच आपल्याला सुचले, आणि आपला शब्द अजून शाबूत आहे. मधुमेहाचेही तसेच. डायबेटीस मेलिटस मधल्या मेलिटसचा अर्थ मधासारखा गोड.

आपण राहतो त्या मुलखात या गोष्टीला इतिहासही आहे. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे, ज्यांनी १७९८ ते १८३२ या काळात गादी सांभाळली, ते मराठी, तमिळ, संस्कृत, इंग्रजी अशा अनेक भाषांत वावरणारे. त्यांच्या धन्वंतरी महालात देशी आणि युरोपीय वैद्यकाचा अभ्यास होत असे. डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी आणि डोळ्यांची रंगीत चित्रे त्यांनी करवून घेतली, ती सरस्वती महाल ग्रंथालयात जपलेली आहेत. रुग्णाची नोंद स्पष्ट हवी, हे त्या मराठी राजाने दोनशे वर्षांपूर्वी ओळखले होते. त्याच काळात, १८१९ साली, मद्रासमध्ये नेत्ररुग्णालय सुरू झाले. तेच आजचे एग्मोरचे. त्याच्या नावातला शब्द बघा, ऑफ्-थॅल्-मॉ-लॉ-जी. पुष्कळ जण 'ऑप्थल्मो' म्हणून मोकळे होतात. आणि कंजंक्टिव्हायटिस हे पाच अक्षरी प्रकरण तर साऱ्या देशाने आपल्या शहराच्या नावावर खपवले, 'मद्रास आय' म्हणून! मराठीत आपण म्हणतो, डोळे आले.

आता रोगाकडून औषधाकडे वळू. कंपन्यांची व्यापारी नावे हजारो, पण औषधाचे मूळ नाव एकच असावे म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने १९५० साली योजना आखली आणि १९५३ साली पहिली यादी काढली. सर्व भाषांच्या लोकांना वाचता यावे म्हणून त्यात 'पीएच'ऐवजी एफ, 'टीएच'ऐवजी टी, 'वाय'ऐवजी आय असे सोपे स्पेलिंग सुचवले आहे. दुसरी सोय अशी की एका कुळातल्या औषधांना एकच शेपूट. हे अगदी आपल्या आडनावांसारखे आहे. सातारकर, पुणेकर, मिरजकर म्हटले की गाव कळते. तसे टेल्मिसार्टन, लोसार्टन हे 'सार्टन'कर, रक्तदाबाचे. अटोरव्हास्टॅटिन, रोसुव्हास्टॅटिन हे 'स्टॅटिन'कर, कोलेस्टेरॉलचे. सिटाग्लिप्टिन, व्हिल्डाग्लिप्टिन हे 'ग्लिप्टिन'कर, मधुमेहाचे.

पण नुसते शेवटचे दोन वर्ण ऐकून थांबू नका. 'झोल'वाल्यांची गंमत बघा. पँटोप्राझोल आम्लपित्ताचे, फ्लुकोनाझोल बुरशीचे, अल्बेंडाझोल जंतांचे, मेट्रोनिडाझोल आमांशासारख्या संसर्गाचे. 'प्रा', 'को', 'बें', 'नि' या मधल्या अक्षरांत सगळा भेद आहे. "ती झोलवाली गोळी द्या" म्हणालात, तर खरोखरच झोल होईल!

सारख्या वाजणाऱ्या औषधांच्या नावांचा प्रश्न जगभर आहे. ओमेप्राझोल हे औषध अमेरिकेत 'लोसेक' या नावाने आले, पण 'लॅसिक्स' या लघवी वाढवणाऱ्या औषधाशी गल्लत होऊ लागली, म्हणून १९९० साली कंपनीला नाव बदलून 'प्रायलोसेक' करावे लागले. मेटफॉर्मिन मधुमेहाचे आणि मेट्रोनिडाझोल संसर्गाचे, दोन्हींची सुरुवात 'मेट' अशीच. हायड्रॉक्सिझिन खाज-ॲलर्जीचे, हायड्रॅलाझिन रक्तदाबाचे. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णसुरक्षेचे नऊ उपाय सुचवले, त्यातला पहिलाच अशा सारख्या दिसणाऱ्या आणि सारख्या वाजणाऱ्या नावांबद्दल आहे. आपल्याकडेही २०१६ साली तेव्हाच्या मेडिकल कौन्सिल ऑफ इंडियाने डॉक्टरांनी औषधांची मूळ नावे सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहावीत असा नियम केला.

आता थोडे माझ्या घरचे, म्हणजे रेल्वेचे. आपल्या अंबत्तूर स्टेशनचा कोड ए-बी-यू. अबू रोडचा ए-बी-आर. शेवटचे एक अक्षर चुकले तर पार्सल राजस्थानात! म्हणूनच आमच्याकडे "कळले, कळले" याला किंमत नाही. लाइन क्लिअर देताना एक स्टेशन मास्तर दुसऱ्याला प्रायव्हेट नंबर देतो, तो ऐकणारा परत म्हणून दाखवतो आणि वहीत लिहितो. मला पॉइंट उघडून काम करायचे असेल तर आधी डिस्कनेक्शन मेमो द्यावा लागतो, त्यावर कोणता पॉइंट ते नंबरासकट लिहावे लागते. "तो पलीकडचा पॉइंट" असे लिहून चालत नाही. बोलणारा हुशार आणि ऐकणारा हुशार म्हणून गाडी सुरक्षित राहत नाही. सांगितलेले परत म्हणून घेतल्याने राहते. रुग्णालय आणि औषधाचे दुकान यांनाही हाच नियम लावा.

म्हणून घरोघरी करण्यासारख्या पाच गोष्टी सांगतो.

एक. घरातल्या प्रत्येक रुग्णासाठी एक कागद करा. औषधाचे मूळ नाव आणि त्याची मात्रा मोठ्या इंग्रजी अक्षरांत, आणि त्याखाली देवनागरीत अक्षरे तोडून उच्चार. मे-ट्रो-नि-डा-झोल. देवनागरी जसे लिहाल तसे वाचून दाखवते. पण इंग्रजी स्पेलिंग गाळू नका, दुकानदार तेच बघणार.

दोन. ऑपरेशनचे नाव शेपटासकट पाठ करा. ग्राफी की प्लास्टी, एक्टॉमी की ऑस्टॉमी.

तीन. फोनवर सांगताना मामींची पद्धत वापरा. पुण्याचा पी, बार्शीचा बी.

चार. दुकानात गोळी हातात आली की पट्टीवरचे नाव मोठ्याने वाचा आणि कशासाठी आहे ते विचारा. शंका आली तर गोळी घेऊ नका, डॉक्टरांना विचारा.

पाच. गावाकडच्या आई-वडिलांचा असा कागद तयार करून त्याचा फोटो आपल्या मोबाइलमध्ये ठेवा. आपण इथे, ते तिथे. रात्री-अपरात्री तोच कामाला येतो.

बालमित्रांनो, तुमच्यासाठी एक खाऊ आणला आहे. न्यूमोनो-अल्ट्रा-मायक्रोस्कोपिक-सिलिको-व्होल्कॅनो-कोनिओसिस. इंग्रजीत पंचेचाळीस अक्षरांचा हा शब्द १९३५ साली अमेरिकेतल्या शब्दकोडे सोडवणाऱ्यांच्या संघाच्या अध्यक्षाने गमतीने बनवला. फोड केली तर अर्थ एवढाच की बारीक सिलिकाची धूळ फुप्फुसात जाऊन होणारा आजार. डॉक्टर त्याला साधे सिलिकोसिस म्हणतात. आपल्या औद्योगिक वसाहतीत ग्राइंडिंगचे काम करणाऱ्यांनी नाकाला मास्क का लावायचा, त्याचे उत्तर या शब्दात आहे. उद्या संध्याकाळी जो न अडखळता हा शब्द म्हणेल, त्याला माझ्याकडून कंपासपेटी. आणि जो त्याची फोड करून अर्थही सांगेल, त्याला दोन!

लग्नात आपण आग्रह करतो, "नाव घ्या, नाव घ्या!" नवी नवरी लाजत का होईना, पूर्ण नाव घेते. औषधाच्या बाबतीत तर लाजायचे काहीच कारण नाही. नाव घ्या, पूर्ण घ्या, आणि समोरच्याकडून परत म्हणवून घ्या.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, ही श्रीचरणी प्रार्थना. गणपती बाप्पा मोरया!